इसाकिनोची हाळी

साक्ष द्यायची असेल त्या दिवशी मोर्दो आर्दित्ती दोनदा दाढी करायचा. एकदा उठल्यावर आणि एकदा पडद्यासमोर बसायच्या आधी. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली घरातला जुना पायजमा. कंबरेखालचं कुणाला दिसत नाही हे त्याच्या मुलीनं, जोयानं, त्याला समजावलं होतं. तरी तो सपाता काढून बूट घालायचा.

"बाबा, बूट कुणाला दिसणारेत?"

"सपाता घातलेल्या माणसाचा आवाज ढिला येतो. बंदरावर विचार कुणालाही."

पाय थकले आणि शाळांमध्ये जाणं बंद झालं. त्याआधी तो वर्षानुवर्षं गावोगाव फिरला. फळ्यापाशी खुर्ची मांडून सांगायचा: सालोनिका शहर, तिथलं बंदर, जर्मन आले ते साल, पोलंडकडे गेलेल्या गाड्या, आणि आउश्वित्झहून एकटा परतलेला मोर्दो. आता तो हे सगळं हैफातल्या आपल्या स्वयंपाकघरातून सांगायचा. जोया टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि त्याखाली आईची स्वयंपाकाची दोन जाड पुस्तकं सरकवायची. नाही तर पोरांना आजोबांच्या नाकपुड्याच दिसायच्या. खिडकीतून हैफा बंदरातल्या माल उचलायच्या उंच याऱ्या दिसत. त्या याऱ्यांखाली त्यानं हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा धरून उमेदीची सगळी वर्षं काढली होती.

साक्ष त्यानं जहाजात माल भरावा तशी भरली होती. जड खाली, हलकं वर, फुटणारं मधोमध आणि चारी बाजूंनी गवत. आईचं नाव कुठं घ्यायचं, कुठं पाणी प्यायचं, कुठला विनोद कुठं टाकायचा, सगळं ठरलेलं. वाक्य इकडचं तिकडं होत नसे. नीट न रचलेला माल समुद्रात सरकतो आणि मग जहाज कलतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पेसाखच्या सणाआधी दक्षिणेकडच्या येरुहाम गावातल्या एका वर्गासाठी तो बसला. वाळवंटातलं छोटं गाव. सिगालित नावाच्या बाईंनी वर्ग जमवला होता. पडद्यावर मुलं चिमटीएवढी दिसत होती. मोर्दोनं सुरुवात केली.

वडील इसाकिनो सालोनिकाच्या बंदरावर हमाल. आजोबा हमाल. पाठीवर खोगीर बांधून माल वाहायचा धंदा, आणि तो जवळजवळ सगळा ज्यूंच्या हातात. शनिवार त्यांचा सुट्टीचा वार, म्हणून त्या दिवशी अख्खं बंदर बंद, बोट कुणाची का असेना. वडिलांची टोळी कस्टमच्या धक्क्यावर काम करायची. मोठं ओझं सगळ्यांनी मिळून उचलायचं असलं की एकानं हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी मागून एका सुरात झील धरून उचलायचं. हाळी देणारा स्वतः हात लावत नाही. तो बघतो. कस्टमच्या धक्क्यावर हाळी इसाकिनोची.

मग तो गाडीपाशी आला. स्टेशनाजवळच्या वस्तीला जर्मनांनी कुंपण घातलं होतं. तिथून लोकांना मालाच्या डब्यांत चढवत होते. मोर्दोची आजी, नोना रिकुला, चालू शकत नव्हती. घरातल्या खुर्चीवरच तिला आणलं होतं. डबा उंच, पायरी नाही. मागून शिपाई ओरडतायत. तेव्हा दोन काका, थोरला भाऊ दारिओ आणि मोर्दो खुर्चीच्या चार पायांना भिडले. वडील बाजूला उभे राहिले, जसे धक्क्यावर राहायचे.

"आणि वडिलांनी हाळी दिली," मोर्दो म्हणाला, "आणि आम्ही नोनाला उचललं. खुर्ची जराही कलली नाही. नोना म्हणाली, 'राणीसारखं चढवलंत रे.' इतकं चांगलं ओझं मी आयुष्यात पुन्हा उचललं नाही."

इथं तो नेहमी पाणी प्यायचा. प्यायला.

"पोलंडला उतरताना हाळी नव्हती. नुसता ओरडा होता. खुर्ची डब्यातच राहिली. वडिलांनी नोनाला पाठीवर घेतलं, गोण घ्यावी तसं. त्यांना म्हातारीबरोबर एका बाजूला पाठवलं, मला दुसऱ्या. मला त्यांची पाठ दिसली. वर नोनाचा पांढरा रुमाल."

साक्ष संपल्यावर पोरांचे प्रश्न. तेही ठरलेले असायचे. खायला काय होतं? हातावर गोंदलेला नंबर दाखवाल का? जर्मनांचा राग येतो का? देवावर विश्वास आहे का? प्रत्येकाचं उत्तर आपापल्या कप्प्यात तयार असे.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. केस घट्ट बांधलेली. बाईंनी तिचं नाव सांगितलं, होदाया.

"मोर्दोआजोबा, हाळी कशी होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे, म्हणून दाखवा ना. तुमच्या बाबांनी दिली ती."

मोर्दोनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

त्यानं पुन्हा उघडलं. वडील दिसले. हनुवटी वर करायची त्यांची सवय दिसली, गळ्याची शीर फुगलेली दिसली. आवाज नव्हता. इतकी वर्षं तो 'वडिलांनी हाळी दिली' असं सांगत आला होता. पेटीवर नाव लिहिलेलं आणि पेटी रिकामी.

"आज घसा बसलाय," तो म्हणाला. "पुढच्या वेळी."

बाई लगेच म्हणाल्या, "मग स्मरणदिनाच्या आठवड्यात पुन्हा या ना. मुलांना आवडेल."

"येईन."

पडदा बंद झाल्यावर जोया म्हणाली, "घसा कुठं बसलाय तुमचा? मघाशी शेजारच्या मांजराला शिव्या घालत होतात."

मोर्दो बूट काढत होता. "जोया, मला बाबांची हाळी आठवत नाही."

"आठवेल. चहा घेता?"

"चहानं काय होतंय? जिवंत कोण आहे दुसरं, मला आठवून द्यायला?"

टोळीतलं कुणी परतलं नव्हतं. आर्दित्तींपैकीही दुसरं कुणी नाही.

हैफात आल्यावर तो बंदरावरच लागला. सालोनिकाची बरीच माणसं तिथं आधीपासून होती, पण ती वेगवेगळ्या धक्क्यांवरची, आणि काम यारीचं. इथं मुकादम शिट्टी फुंकायचा. शिट्टी सगळ्यांची सारखीच असते. हाळी कुणी मागितली नाही, त्यानं दिली नाही. बायकोनं, ओरोनं, संसाराच्या सुरुवातीला एकदा विचारलं होतं, झोपेत तू कुणाला ओ देतोस? तो म्हणाला होता, कुणाला नाही. आता ओरोही नव्हती, नाही तर तिलाच विचारलं असतं की मी काय म्हणत होतो.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. खिडकीशी बसून हनुवटी वर करायचा. न्हाणीघरात नळ सोडून गुणगुणायचा. भलतंच यायचं. सिनागॉगमधलं काही, रेडिओवरचं काही, एकदा तर साबणाची जाहिरात. तो स्वतःवरच चिडायचा.

जोया परिचारिका होती, आता निवृत्त. स्वस्थ बसणं तिला जमत नाही. साक्षींचा एक मोठा ऑनलाइन संग्रह आहे, त्यात ती शोधू लागली. जगभरच्या माणसांनी आपापल्या भाषांत सांगून ठेवलेलं. त्यातली बहुतेक माणसं आता गेलेली, पण बोट लावलं की बोलायला लागतात. एका सकाळी ती अंड्यांची पिशवी तशीच हातात धरून आली.

"बाबा, एक सापडला. पेपो कापोन. सालोनिका बंदर, हमाल. ब्युनोस आयर्समध्ये सांगितलंय. फार वर्षांपूर्वी गेले ते."

"कुठल्या धक्क्यावरचा?"

"ते कसं कळणार? बसा, लावते."

"थांब." मोर्दो उठला, आत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज आला. बाहेर आला तो दाढी करून, पांढरा शर्ट घालून, बूट बांधून.

"अहो, तो तुम्हाला बघत नाहीये!"

"मी त्याला बघतोय ना."

पेपो कापोन पडद्यावर आला. जाडा, टक्कल, मागे फुलाफुलांचा पडदा. बोलत होता ती सालोनिकाच्या ज्यूंची भाषा, आईच्या पदरातली, जी मोर्दोशी आता कुणी बोलत नव्हतं. मोर्दो पुढं झुकला. पेपो बंदराविषयी सांगत होता. धक्के कुठं, कॉफीचं दुकान कुठं, शुक्रवारी दुपारी काम उरकायची घाई कशी. मग प्रश्न विचारणाऱ्या बाईचा आवाज आला आणि पेपोनं छाती भरून एक हाळी दिली. झीलही स्वतःच धरली.

जोयानं बापाकडं पाहिलं. मोर्दोचं तोंड वाकडं झालं होतं.

"ही नव्हे. ही मासळीच्या धक्क्यावरची. ऐकतेस ना, कशी तुटकी आहे? टोपल्या उचलायचे ते. टोपल्यांना काय हाळी लागते! आमच्याकडं तिजोऱ्या यायच्या, यंत्रं यायची. एकदा पियानो."

"मेलेल्या माणसाला नावं ठेवू नका."

"मेला म्हणून काय त्याच्या टोपल्या जड झाल्या?"

पण पेपोचं बोलणं संपलं नव्हतं. तो हसत म्हणत होता, "आमची अशी. साधी. कस्टमच्या धक्क्यावर इसाकिनो होता, इसाकिनो आर्दित्ती. तो हाळी द्यायचा ना, तर आम्ही आमचं ओझं खाली ठेवून ऐकायचो. मुकादमाच्या शिव्या खायचो, पण ऐकायचो."

मोर्दोनं टेबलाची कड धरली. त्याच्या बापाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून त्यानं लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकलं होतं.

बाईचा आवाज आला: "त्यांची कशी होती? आठवते?"

"आठवते म्हणजे! आत्ता ऐकू येतेय." पेपोनं डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली. "नाही बाई. दुसऱ्या टोळीची हाळी आपण तोंडात घेत नाही. चोरी आहे ती. आमच्यात एकानं घेतली होती, दारूच्या नादात, तर त्याला दुसऱ्या दिवशी कुणी ओझ्याला जोडीदार मिळाला नाही. इसाकिनोचा कुणी मुलगाबिलगा वाचला असेल तर त्याला विचारा. त्याची आहे ती. तो देईल."

मग पेपो आपल्या बहिणींविषयी बोलू लागला.

जोयानं थांबवलं. ती रडत होती. "बाबा, त्याला येत होती. त्याच्या जिभेवर होती. देऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं? बंदर उरलं नव्हतं, टोळी उरली नव्हती, मग कसली चोरी?"

पडद्यावर पेपो तोंड अर्धं उघडं ठेवून थिजला होता.

"बरोबर केलं त्यानं," मोर्दो म्हणाला. "मीही त्याची दिली नसती."

पण त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर रोज सकाळी तो जोयाला म्हणायचा, "तेवढंच लाव." ती तेवढंच लावायची. पेपो डोळे मिटायचा, ओठ हलायचे. मोर्दो त्या ओठांकडं बघायचा. माणूस जे बोलला नाही ते ऐकायला तो बसायचा. वडिलांची हाळी जगात शेवटची तिथं होती, एका जाड्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांआड. ती तिथून मोर्दोकडंच पाठवली होती, आणि मोर्दोकडं ती नव्हती.

पेसाखची साफसफाई आली. घरात पावाचा कणही राहता कामा नये, म्हणून जोयानं सगळं उपसलं. फडताळ, डबे, गालिचे. ओरोचं शिसवी कपाट मात्र तिला हलेना.

"सरक, मी धरतो," मोर्दो म्हणाला.

"तुम्ही बसा. पडलात तर मला कपाट आणि तुम्ही, दोघांना उचलावं लागेल."

"नुसता हात लावतो. खालून धर, वरून नाही. गुडघे वाक. कमरेनं उचलशील तर जन्मभर कण्हशील."

"मी चाळीस वर्षं रोगी उचललेत, बाबा."

"रोगी मदत करतो. कपाट करत नाही."

जोयानं एक बाजू धरली. मोर्दोनं दुसऱ्या बाजूच्या खालच्या कडेला बोटं लावली, गुडघे वाकवले. लाकडाचा भार बोटांत आला. आणि तो थांबला. का थांबला ते त्याला कळलं नाही. अंग आपोआप थांबलं, एक लांब श्वास होईल एवढं. मग पोटातून, घशाला न विचारता, आवाज आला:

"या एस्ताऽऽ!"

कपाट उचललं गेलं. जोयाच्या हातून जवळजवळ निसटलं, इतकी ती दचकली.

"हे काय होतं?"

मोर्दोनं कपाट टेकवलं. "झील," तो म्हणाला. "उचललं, झालं, असं. ही माझी. मी झीलच धरायचो. हाळी मी कधी दिलीच नाही गं. मी कशी देणार? ती द्यायला बाबा होते. मी त्यांच्या मागून यायचो."

"मग त्यांची?"

तो पुन्हा वाकला. बोटं लावली. अंग पुन्हा थांबलं, तेवढंच. मग झील आली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. थांबणं दर वेळी अगदी सारखं भरत होतं, कमी नाही की जास्त नाही. त्या थांबण्यात वडील होते. आवाज नव्हता, पण जागा होती, मापाची, इसाकिनोच्या छातीत मावेल एवढ्या श्वासाची. बाकी काही आलं नाही. जोयानं त्याला खुर्चीत बसवलं तेव्हा तो म्हणाला, "तेवढंच आहे, जोया. तेवढंच राहिलंय."

"पोरांना काय सांगणार?"

"बघू."

सणानंतर, छावण्यांत मारल्या गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या आठवड्यात येरुहामचा वर्ग पुन्हा पडद्यावर आला. मोर्दोनं दोनदा दाढी केली होती. त्यानं साक्ष पहिल्यापासून सांगितली नाही. ती रचना त्यानं आज बाजूला ठेवली.

"होदाया आहे का?"

मागून हात वर झाला.

"तू मागितलंस ते माझ्याकडं नाही. घसा बसला नव्हता. खोटं बोललो. माझ्या वडिलांची हाळी मला आठवत नाही आणि आता आठवेल असं वाटत नाही. ज्याला येत होती त्यानं दिली नाही, आणि त्याचं बरोबर होतं. माझ्याकडं फक्त झील आहे. पण झील बसून धरता येत नाही. ओझं लागतं. बाई, तुमचं टेबल जड आहे का?"

"लोखंडी आहे," सिगालितबाई म्हणाल्या. "शाळेचे शिपाई दोघं मिळूनही शिव्या देतात."

"छान. वरची पुस्तकं तशीच राहू द्या. वर एक पेला ठेवा, काठोकाठ पाणी भरून. माझे वडील नव्या माणसाला असंच शिकवायचे. पाणी सांडलं तर माणूस पुन्हा टोपल्या उचलायला, मासळीच्या धक्क्यावर."

जोया मागून पुटपुटली, "झालं, पुन्हा पेपोच्या वाटेला."

मुलं टेबलाभोवती गोळा झाली. हसणं, ढकलाढकली. मोर्दोनं एकेकाला नीट लावून घेतलं. उंच समोरासमोर, बुटके मध्ये. हात खालून. गुडघे वाकलेले. "पिवळा शर्ट, कमरेत वाकू नकोस, लग्न व्हायचंय तुझं." मग त्यानं त्यांना झील शिकवली. या एस्ता. जोरात नाही, खोल.

"आता ऐका. आधी वडील हाळी देतात. ते बाजूला उभे आहेत. तुम्हाला ऐकू येणार नाही. त्यांचं होईस्तोवर थांबायचं. मग झील, आणि झिलेबरोबर उचलायचं."

"पण त्यांचं झालं ते कसं कळणार?" होदायानं विचारलं.

"मी हात वर धरेन. खाली आणला की झालं."

त्यानं हात वर केला. पोरांना धीर धरवला नाही. दोघांनी आधीच ओढलं, टेबल कललं, पाणी पुस्तकांवर सांडलं. वर्गात हशा पिकला.

मोर्दो हसला नाही. "पुसा. भरा पुन्हा. त्यांचं अर्ध्यावर तोडलंत तुम्ही. त्यांना पूर्ण देऊ द्या."

वर्ग शांत झाला. पेला भरला गेला. हात खाली गेले, गुडघे वाकले. मोर्दोनं हात वर केला. स्वयंपाकघरात जोया हातातलं फडकं धरून उभी होती. बंदरातली यारी खिडकीत अधांतरी थांबल्यासारखी दिसत होती. येरुहाममध्ये कुणी हललं नाही. एक लांब श्वास गेला, इसाकिनोचा, जसाच्या तसा, मापात.

मोर्दोनं हात खाली आणला.

तारेतून यायला लागतो तेवढा उशीर लागला. मग ती आली, सगळ्यांची मिळून एक, कोवळी आणि खोल: "या एस्ताऽऽ!" टेबल वर गेलं. सरळ. पेल्यातलं पाणी काठाशी थरथरलं आणि आतच राहिलं.

मोर्दो बघत राहिला. त्याची हनुवटी वर गेली होती.

पोरांचे दंड कापू लागले होते. पिवळ्या शर्टाचा चेहरा लाल झाला होता. पण कुणी सोडलं नाही.

"मोर्दोआजोबा," सिगालितबाई हळूच म्हणाल्या, "ठेवू का खाली?"

"थोडं थांबा," मोर्दो म्हणाला. "थोडं आणखी धरा."